आधी पाय, मग बोटं

पत्र

मी ४६ वर्षांची आहे. भाच्याने हौसेने घेतलेली आणि मग तशीच सोडून दिलेली एक ॲकूस्टिक गिटार आठ महिन्यांपासून माझ्याकडे आहे. शाळेत असताना पेटीवर सा रे ग म वाजवलं होतं, त्यापलीकडे संगीताशी माझा संबंध नाही. ब्लूज हा अमेरिकन संगीताचा प्रकार योगायोगाने कानावर पडला आणि तेव्हापासून तोच डोक्यात बसलाय. एका शिकवणीला दीड महिना गेले. तिथे पहिल्याच आठवड्यात एफ कॉर्ड धरायला लावली, ती अजून धरता येत नाही. बोटांची टोकं सोलवटून निघाली. मग घरीच व्हिडिओ बघून शिकायचं ठरवलं. साठ-सत्तर व्हिडिओ जपून ठेवलेत, त्यातलं एकही धड येत नाही. या वयात बोटं वळतात का? सुरुवात नेमकी कुठून करू? इलेक्ट्रिक गिटार घ्यावी लागेल का? आणि हसू नका, पण ब्लूज म्हणजे दुःखाचं संगीत म्हणतात आणि माझं आयुष्य तसं बरं चाललंय. मग मी ते वाजवणं खोटं ठरेल का?

ता. क. नखं कापावीच लागतील का?

– दुखरी बोटं

उत्तर

प्रिय 'दुखरी बोटं',

एफ कॉर्ड विसरा. कायमची नको, पण निदान वर्षभर तिचं नाव काढू नका. एकाच बोटाने सहाही तारा दाबायच्या, त्याही नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, अगदी टोकाला, जिथे तार दाबायला सर्वांत जड जाते. हे काम पहिल्या आठवड्यात देणं म्हणजे पोहायला शिकायला आलेल्याला पुराच्या पाण्यात ढकलणं. ती तुम्हाला जमली नाही यात बोटांचा काही दोष नाही. आणि गंमत अशी की तुम्हाला जे वाजवायचंय, त्याच्या सुरुवातीला ती लागतच नाही.

साध्या ब्लूजला तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे तीन गुच्छ, लागतात. त्याही पूर्ण नाहीत, प्रत्येकीच्या दोन-दोन तारा पुरतात. डाव्या हाताची दोन बोटं लागतात. बाकीचं सगळं काम पायाचं आणि उजव्या हाताचं. तुमच्या पत्रात बोटं पुन्हा पुन्हा येतात, सहीसुद्धा बोटांचीच आहे, पण पाय एकदाही येत नाही. म्हणून मी पायापासून सुरू करतो.

गिटार बाजूला ठेवा. खुर्चीत बसून पायाने सावकाश ठेका धरा, साधारण सेकंदाला एक ठोका. आता प्रत्येक ठोक्याचे मनातल्या मनात तीन सारखे भाग करा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. पाय 'एक'वर पडतो. हे जमलं की मधला 'दोन' गिळून टाका आणि फक्त पहिला न् तिसरा तोंडाने म्हणा: दाऽ-द, दाऽ-द, दाऽ-द, दाऽ-द. पहिला लांब, दुसरा आखूड, आणि त्या आखूडाला पुढच्या लांबाकडे जायची घाई. एका पायाने किंचित लंगडणारा माणूस मजेत कुठेतरी निघालाय, अशी ती चाल. हिला शफल म्हणतात. हेच दोन आघात सारख्या अंतरावर म्हणून बघा, लगेच कवायतीची शिस्त येते. पुन्हा लंगडत म्हणा. तुमच्या डोक्यात जे बसलंय म्हणता, त्यातलं अर्ध हे लंगडणंच आहे याची मला खात्री आहे.

दोन-तीन दिवस एवढंच करा. कपडे वाळत घालताना, जिना चढताना, कुणाची वाट बघताना. घरच्यांनी विचारलं तर गिटारचा रियाज चाललाय असं खुशाल सांगा. ते खरंच असेल.

मग गिटार हातात घ्या. वाजवायला धरली की सर्वांत जाड तार वर येते, तिला सहावी म्हणतात, आणि सर्वांत बारीक खाली, ती पहिली. जाडीकडून बारीककडे सूर असे: ई, ए, डी, जी, बी, ई. बसताना दर वेळी ट्यूनर लावून तारा जुळवा, फोनमधला फुकटचाही चालतो. बेसूर गिटारीवर केलेला रियाज कान बिघडवतो, एवढंच.

पाचवी तार, म्हणजे ए, मोकळी सोडा. फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. त्या नेकच्या टोकाकडून मोजायच्या आणि बोट पट्टीच्या किंचित अलीकडे ठेवायचं. चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला तर्जनी ठेवा. पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने, या दोनच तारा एकत्र छेडा, दोन्ही आघात वरून खाली: दाऽ-द. तर्जनी जागची न हलवता त्याच तारेवर चौथ्या फ्रेटला अनामिका टेकवा: दाऽ-द. अनामिका उचला: दाऽ-द. पुन्हा टेकवा: दाऽ-द. चार ठोके झाले, म्हणजे एक बार झाला. अनामिका तिथवर पोचत नसेल तर करंगळी वापरा, कुणी पोलीस बोलावणार नाही. तुम्हाला पेटी माहीत आहे म्हणून पेटीच्या भाषेत सांगतो. ए ला सा धरा. खाली सा घुमत राहतो आणि वर प, ध, प, ध अशी ये-जा चालते. ब्लूजची सगळ्यात ओळखीची, हजारो गाण्यांखाली वाजलेली चाल ती हीच.

आता ही आकृती उचलून शेजारच्या तारांवर न्यायची. डी हवा असेल तर चौथी तार मोकळी, आणि तिसऱ्या तारेवर दुसरा न् चौथा फ्रेट. ई हवा असेल तर सहावी मोकळी, आणि पाचव्या तारेवर दुसरा न् चौथा फ्रेट. बोटं तीच, फ्रेट तेच, बदलली ती फक्त तार. ए सा असेल तर डी म्हणजे मध्यम आणि ई म्हणजे पंचम. गिटारच्या तीन जाड तारा नेमक्या याच तीन सुरांच्या आहेत, म्हणून तीनही कॉर्डचा पाया तुम्हाला मोकळ्या तारेवर आयता मिळतो. नवशिक्याला मी ब्लूज ए मध्येच सुरू करायला सांगतो ते याचसाठी.

एक अडचण येईल. पिक नको असलेल्या तारांना लागेल आणि मागे भांडी पडल्यासारखा आवाज होईल. तर्जनी अगदी उभी न धरता जराशी आडवी धरा, म्हणजे तिच्या पोटाचा स्पर्श खालच्या बारीक तारांना होऊन त्या गप्प बसतील. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे, तारांवर हलकेच टेकवून बघा. आवाज दबका, ठोसदार होतो. तो जमला त्या दिवशी गिटार पहिल्यांदा 'तशी' वाजल्याचं तुम्हाला जाणवेल, आणि त्या रात्री तुम्ही ठरवलेल्या वेळेपेक्षा जास्त वाजवाल. हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. ब्लूजचं एक आवर्तन बारा बारांचं असतं, आणि ते असं:

चार बार ए.
दोन बार डी, दोन बार ए.
एक बार ई, एक डी, एक ए, एक ई.

चार ठोक्यांचे बारा बार म्हणजे ४८ ठोके. सेकंदाला एक ठोका धरला तर ४८ सेकंदांत फेरी पूर्ण होते. बाराव्या बारातला तो शेवटचा ई सरळ पहिल्या ए कडे ओढतो, तबल्यातली तिहाई समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, ओढते तसा. पहिल्या बाराचा पहिला ठोका ही तुमची सम. तिच्यावर पाय जरा जोरात पडू द्या.

मोजायची पद्धत: एक-दोन-तीन-चार, *दोन*-दोन-तीन-चार, *तीन*-दोन-तीन-चार... म्हणजे प्रत्येक बाराचा पहिला आकडा त्या बाराचा क्रमांक सांगतो. वेड्यासारखं वाटेल, पण मोठ्याने मोजा. माणूस दोन जागी हरवतो. एक, तिसऱ्या-चौथ्या बारात, कारण तिथे काहीच बदलत नाही आणि मन भटकायला लागतं. दुसरी जागा नवव्या बारापासून पुढे, कारण तिथे प्रत्येक बाराला तार बदलते आणि हाताची तारांबळ उडते. शेवटची ओळ वेगळी काढून घोटा: ई, डी, ए, ई, आणि तिथून सरळ पहिल्या ए वर. मी ही ओळ शिकलो तेव्हा तिला चिकटून येणारा पहिला ए वाजवायचोच नाही, तिथेच थांबून शाबासकी घ्यायचो. परिणामी पुढे कित्येक महिने बाराव्या बारानंतर माझा हात आपोआप थांबायचा.

थांबण्यावरून आठवलं, आणि या पत्रातलं मला खरं सांगायचंय ते हेच आहे.

मी गिटार घेतली तेव्हा ३९ वर्षांचा होतो. पहिली दोन वर्षं मी लिक गोळा केल्या. लिक म्हणजे चमकदार छोटे सुरावटीचे तुकडे, पाहुण्यांसमोर वाजवून दाखवण्यासारखे. चाळीसेक तरी पाठ होत्या. मग एक दिवस दोन मित्रांबरोबर बसलो, एक ड्रमवर, एक बेसवर. साधा बारा बारांचा ब्लूज, ए मध्ये. पाचव्या बारात ते दोघे डी वर गेले आणि मी ए वरच होतो. चूक कळली, मी थांबलो. ते थांबले नाहीत. मी पुन्हा सुरू केलं तेव्हा कितवा बार चाललाय हेच कळेना. पुन्हा थांबलो. तिसऱ्यांदा असं झाल्यावर ड्रमवरचा मित्र वाजवता वाजवताच ओरडला, "चुकलास तरी चालेल, पण थांबू नकोस!" हात दाखवून अवलक्षण झालं ते झालंच. घरी येऊन मी सगळ्या लिक बाजूला ठेवल्या आणि प-ध-प-ध पासून पुन्हा सुरुवात केली. दोन वर्षांत जे आलं नव्हतं ते पुढच्या दोन महिन्यांत आलं.

तेव्हा तुमचा नियम एकच. बोट चुकलं, तार फसली, पिक हातातून पडलं, काहीही झालं तरी पाय थांबता कामा नये. हात चुकला तर तो बार नुसता पायाने भरून काढा आणि पुढच्या बारात परत घुसा. मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही. झालेली चूक मागच्या बारात राहते, तिला तिथेच राहू द्या. हे ऐकायला सोपं आहे आणि करायला भयंकर अवघड, कारण शाळेने आपल्याला खाडाखोड करून पुढे जायला शिकवलेलं असतं.

पाय किती मोलाचा, याचा पुरावा हवा असेल तर ब्लूज गायक-गिटारवादक जॉन ली हूकर ऐका. १९४८ साली त्यांचं पहिलं गाजलेलं ध्वनिमुद्रण झालं. त्यात एक माणूस, एक गिटार आणि जमिनीवर आपटणारा पाय, एवढाच सगळा वाद्यवृंद आहे, आणि पायाचा तो ठेका मुद्दाम नीट ऐकू येईल असा टिपलेला आहे. कॉर्ड म्हणाल तर जवळजवळ एकच. हूकर बारा बारांची फिकीरही करत नसत, मनाला येईल तेव्हा पुढे जात. तुम्ही मात्र अजून हूकर नाही आहात. आधी बारा मोजा.

बाराच का, असं विचारलंत तर त्याचं उत्तर गाण्यात आहे. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने लिहून ठेवलेली एक आठवण आहे. १९०३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर गावच्या रेल्वे स्थानकावर गाडीची वाट बघताना त्याला झोप लागली. जाग आली तर शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस तारांवर सुरी दाबून गिटार वाजवत होता आणि एकच ओळ तीनदा गात होता. पुढे जो घाट रूढ झाला त्यात ओळ दोनदा येते आणि तिसऱ्यांदा तिला उत्तर मिळतं. नमुना म्हणून मी एक जुळवलाय, काव्य म्हणून वाचू नका:

रात सरली तरी माझा डोळा लागेना,
हो, रात सरली तरी माझा डोळा लागेना,
उशाशी बसलंय काहीतरी, नाव मात्र सांगेना.

आता हे वरच्या तीन ओळींच्या नकाशावर ठेवा. पहिली ओळ पहिल्या चार बारांत बसते. शब्दांना दोन-सव्वादोन बार पुरतात, उरलेल्या जागेत गिटार बोलते. दुसरी ओळ शब्दाने तीच, पण आता खाली ए ऐवजी डी आलाय. पायाखालची जमीन सरकल्यामुळे तेच शब्द वेगळे लागतात, अर्थ जरा गडद होतो. तिसरी ओळ ई वरून उतरत उतरत घरी येते. म्हणून मी म्हणेन, वाजवताना एखादी ओळ गुणगुणा. आवाज कसाही असो. गाणारा माणूस बार मोजत नाही आणि तरी हरवत नाही, कारण आपण कितव्या ओळीत आहोत हे त्याला माहीत असतं.

मधल्या रिकाम्या बारांत गिटारने काय बोलायचं, हा पुढचा मजला. महिना-दीड महिना नुसती लंगडी चाल घोटल्यावरच तिथे चढा. सूर पाचच लागतात: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. तुम्हाला रागदारीचा नाद असता तर म्हणालो असतो, धानी रागाचे सूर. पण ते साम्य तेवढ्यापुरतंच, वळणं अगदी वेगळी. गिटारवर ते असे: चौथ्या तारेचा सातवा फ्रेट सा, तिसऱ्या तारेचा पाचवा कोमल ग आणि सातवा म, दुसऱ्या तारेचा पाचवा प आणि आठवा कोमल नी, पहिल्या तारेचा पाचवा वरचा सा. पाचव्या फ्रेटवर तर्जनी, सातव्यावर अनामिका, आठव्यावर करंगळी. खाली ए असो, डी असो की ई, हेच पाच सूर तिन्हीवर चालतात.

आता यातला कोमल ग बघा. तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तर्जनीने तो वाजवा आणि वाजत असतानाच तार जमिनीच्या दिशेने किंचित ओढा. अगदी किंचित. सूर कोमल गंधारातून निघेल, शुद्ध गंधाराकडे जायला लागेल आणि पोचायच्या आत थांबेल. तो मधला सूर पेटीवर नाही, दोन पट्ट्यांच्या फटीत आहे. पेटी लहानपणी सुटली ते एका अर्थी बरंच झालं. त्या फटीत ब्लूज राहतो. गाणारे लोक तो गळ्याने घेतात, गिटारवाले तार ओढून घेतात, त्याला बेंड म्हणतात. मींड ठाऊक असेल तर कल्पना तीच, फक्त इथे तार फार कमी ओढायची असते. नवशिके जोर लावून थेट शुद्ध गंधारावर पोचतात आणि सगळी गंमत घालवतात. ए वरच्या तुमच्या प-ध-प-ध मध्ये गंधार कुठेच नाही हेही लक्षात घ्या. तिथे खालची चाल गंधाराची जागा मोकळी ठेवते, आणि वरून तुम्ही तो कोमल लावा, मधला लावा की शुद्ध, भांडायला खाली कुणी नसतं.

सूर कमी वाजवा. ब्लूजचे नामवंत गायक-गिटारवादक बी. बी. किंग मोकळेपणाने सांगत की कॉर्ड वाजवणं आपल्याला जमत नाही. ते गाताना गिटार थांबवत आणि गाणं थांबलं की गिटारने त्याला उत्तर देत, बहुतेकदा मोजक्या सुरांत, शेवटचा सूर थरथरत धरून ठेवत. सवालाच्या मध्ये जबाब घुसत नाही. घरी जोडीदार नसेल तर फोनवर स्वतःचीच प-ध ची पाच-सहा आवर्तनं मुद्रित करा आणि त्यावर हे करून बघा. स्वतःचं मुद्रण ऐकून पहिल्यांदा लाज वाटेल. पाय नेमका कुठे घसरतो तेही मात्र तिथेच कळेल.

आता बोटांकडे येतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण गिटारच्या बाबतीत कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या गिटारची नेक वाकते आणि तारा वर उचलल्या जातात. बाराव्या फ्रेटपाशी पट्टी धरून बघा. फ्रेट आणि जाड तार यांच्यातलं अंतर दोन-अडीच मिलिमीटर असेल तर ठीक. चारच्या आसपास असेल तर तुम्ही दीड महिना दगड दाबत होता. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून ते खाली करून घ्या, तासाभराचं काम असतं. तारा काळ्या किंवा खरखरीत झाल्या असतील तर बदला आणि हलक्या तारांचा संच मागा, ज्यातली सर्वांत बारीक तार ०.०११ इंच किंवा त्याहून कमी जाडीची असते. फक्त त्याआधी बघा की तुमच्या गिटारला धातूच्या तारा आहेत की नायलॉनच्या. नायलॉनच्या गिटारवर धातूच्या तारा चढवू नका, त्यांचा ताण तिला झेपत नाही आणि ब्रिज उखडू शकतो.

तार दाबायची ती फ्रेटच्या पट्टीला जवळजवळ चिकटून, दोन पट्ट्यांच्या मधोमध नव्हे. मधोमध दाबलं की दुप्पट जोर लागतो आणि तरी तार खरखरते. जोर किती हे शोधायला एक खेळ करा: बोट तारेवर नुसतं ठेवा, छेडत राहा आणि हळूहळू दाब वाढवा. ज्या क्षणी सूर स्वच्छ येईल तिथे थांबा. बहुतेक लोक त्याच्या कितीतरी पट जास्त दाबत असतात. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं बसा. रविवारी एकदम दोन तास नको. टोकं दोन-चार आठवड्यांत निबर होतात, तोवर सोललेल्या कातडीवर वाजवू नका. टोकं दुखणं रीतसर आहे. मनगट किंवा कोपर दुखत असेल तर ते नाही. मग लगेच थांबा आणि बसण्याची ढब तपासा, बहुतेकदा मनगट फार वाकलेलं असतं.

ते साठ-सत्तर व्हिडिओ पुसून टाका. एक ना धड भाराभर चिंध्या. त्याऐवजी रोज एक जुनं ब्लूज गाणं लावा आणि हातात काहीही न धरता फक्त बार मोजा. डी कधी आला, ई कधी आला, एवढंच ओळखायचं. काही गाण्यांत दुसऱ्याच बारात डी डोकावून जातो, गोंधळू नका, तीही एक रूढ पद्धत आहे. काही गाणी बारात बसणारच नाहीत, ती सोडून द्या.

वयाचं विचारलंत. वळतात बोटं. पंधरा वर्षांच्या मुलापेक्षा हळू वळतात, आणि मोठ्या माणसाला आपण किती वाईट वाजवतोय हे त्या मुलापेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येतं, खरा त्रास तो आहे. ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनबद्दल एक दंतकथा तुमच्या कानावर येईलच: आधी त्याला गिटार धड येत नव्हती, मग चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून तो रातोरात वादक झाला. त्याने १९३६ आणि १९३७ मध्ये मिळून अवघी २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये तो गेला, वयाच्या २७ व्या वर्षी. गिटार धड येत नव्हती तेव्हापासून वादक होईपर्यंतच्या मधल्या काळात तो एका जाणत्या गिटारवादकाकडे बसून शिकत होता, असं त्याच्या आयुष्याचा माग काढणारे सांगतात. सैतानाची गोष्ट जास्त खपते, कारण कुणी कोपऱ्यात बसून तासन्‌तास तेच ते वाजवत होता यात ऐकण्यासारखं काही नाही.

इलेक्ट्रिक घ्यायची गरज नाही. तारा मऊ असतात, बेंड सोपे जातात हे खरं, पण ती घेतली की ॲम्प्लिफायर आला, आवाजाची बटणं आली, आणि संध्याकाळ बटणांत जाते. वर्षभराने बघा.

आता दुःखाचं. तुम्हाला वाटलं मी हसेन, पण हा तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. ब्लूज अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं संगीत. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, तरी दुसऱ्याच्या जमिनीवर राबणं आणि त्याच्या वहीतलं कर्ज फेडत राहणं संपलं नाही. त्या शेतांमधल्या हाका, राबताना म्हणायची गाणी, चर्चमधली गाणी यांतून ते उगवलं. तेव्हा त्यात दुःख आहेच, आणि ते कुणाचं आहे हे विसरून वाजवू नये. पण हेच संगीत शनिवारी रात्री नाचायलाही वाजायचं. ती लंगडी चाल रडण्यासाठी नाही, कंबर हलवण्यासाठी आहे. या गाण्यांत फुशारकी आहे, चावट द्व्यर्थ आहे, आगगाड्या आहेत, मालकाची टिंगल आहे, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर तर कितीतरी गाणी आहेत. आपलं गाऱ्हाणं ठेक्यात बसवून त्याच्याकडे जरा तिरकं बघणं, असा काहीसा हा प्रकार आहे. त्यासाठी आयुष्य उद्‌ध्वस्त व्हावं लागत नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाचं दुःख आपलं म्हणून गायलात तर ते खोटं. एफ कॉर्डवर गायलात तर अगदी खरं. पहिली ओळ तुमच्या पत्रातच आहे: बोटांची टोकं सोलवटून निघाली. दोनदा म्हणा आणि तिसरी तुम्हीच शोधा.

नखं: डाव्या हाताची कापावीच लागतील, अगदी मुळापर्यंत. बोट तारेवर उभं टेकवलं की नख लाकडाला लागता कामा नये. उजव्या हाताची हवी तेवढी वाढवा.

– तुमचा सदरलेखक